श्री. जोर्जो वसारी यांस

चित्रकार, वास्तुकार आणि चरित्रकार. मूळ गाव अरेत्सो, हल्ली मुक्काम युरोपच्या कलेचा इतिहास शिकवणारा प्रत्येक वर्ग.

सा. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख एकतर्फी आहे. मी महाराष्ट्रातल्या एका कलामहाविद्यालयात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवते, आणि माझ्या तासांचा आराखडा तुम्ही १५५० सालीच करून ठेवला आहे. त्या वर्षी फ्लॉरेन्समधल्या तोरेन्तिनोच्या छापखान्यातून चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकारांच्या चरित्रांचं तुमचं पुस्तक निघालं. १५६८ साली जुन्ती मंडळींनी त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. तीत लाकडी ठशांवरून छापलेले कलावंतांचे चेहरेही आले. त्यानंतर जगभर अभ्यासक्रम समित्या आल्या आणि गेल्या. पण चिमाबुएनंतर जोत्तो, जोत्तोनंतर मझाच्चो, मग लिओनार्दो, राफाएल आणि शिखरावर मायकेलअँजेलो, ही तुम्ही लावलेली रांग काही मोडलेली नाही. परीक्षेत मुलं हीच रांग लिहितात, मी तिला गुण देते.

ऋण आधी मान्य करते. तुमच्या आधी गिबेर्तीनं कलावंतांबद्दल थोडंफार लिहून ठेवलं होतं. पण गावोगाव हिंडून चर्चच्या अंधाऱ्या कोपऱ्यांतली चित्रं पाहायची, हयात नसलेल्यांची माहिती हयात असलेल्यांकडून काढायची, त्यांची रेखाटनं जमवून वह्यांत चिकटवायची आणि या सगळ्याला एका सलग कथेत ओवायचं, हा उद्योग तुमचाच. शिवाय तुम्ही गोष्ट सांगता. मेंढ्या राखणारा जोत्तो दगडावर मेंढीचं चित्र काढताना चिमाबुएला दिसला, ही तुमची गोष्ट सांगितली की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. तुमच्यानंतरच्या फार थोड्या इतिहासकारांना ती किमया जमली.

पण त्या सलग कथेची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत. कलेला तुम्ही माणसाचं वय दिलंत. जोत्तोचा काळ बाल्याचा, मझाच्चो आणि दोनातेल्लोचा तारुण्याचा, आणि तुमच्या डोळ्यांसमोरचा काळ परिपक्वतेचा. उत्तरपत्रिकेला फार सोयीचं आहे हे. मात्र त्यामुळे जोत्तोच्या आधीचं सगळं काम मुलांना चुकत-माकत केलेलं वाटतं आणि मायकेलअँजेलोनंतरचं सगळं उतरणीचं. आल्प्सच्या पलीकडचे चित्रकार तुमच्या घरात पाहुण्यासारखे येतात आणि पाणी पिऊन जातात. पहिल्या आवृत्तीत स्वतंत्र चरित्र मिळालेली बाई एकच, बोलोन्याची प्रॉपेर्झिया दे रॉस्सी. तिच्याही पीचच्या कोयीवरच्या कोरीवकामाचं तुम्ही असं कौतुक करता, की ती संगमरवरही घडवायची हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

तुमचा वारसा नुसता पुस्तकाचा नाही. १५६३ साली तुमच्या पुढाकारानं आणि कोझिमो मेदिचीच्या आश्रयानं फ्लॉरेन्समध्ये कलावंतांची अकादमी उभी राहिली. पुढे पॅरिसला १६४८ साली, लंडनला १७६८ साली तशाच संस्था निघाल्या; आणि त्या शिक्षणपद्धतीचं एक टोक १८५७ साली मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये येऊन पोचलं. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून कोळशानं रेखाटन करायचं, हे आमच्याकडच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. तेव्हा हे पत्र कुणा परक्याला लिहिलेलं नाही. तुम्ही आमच्या वर्गाच्या थोरल्यांपैकी आहात, आणि थोरल्यांशी वाद घालण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे.

माझा वाद असा आहे.

युरोपच्या कलांचा इतिहास आज तीन खोल्यांत शिकवला जातो. चित्र आणि शिल्प एका खोलीत, संगीत दुसऱ्या, नाटक तिसऱ्या. इकडे तर ही तीन वेगवेगळी महाविद्यालयंच असतात. पण युरोपातही चित्र अकादमीत, संगीत कॉन्झर्व्हेटरीत आणि नाटक साहित्याच्या विभागात, अशीच वाटणी फार काळ होती. तीन खोल्यांतली घड्याळंही निराळी. चित्रकलेच्या वर्गात फ्लॉरेन्सचं पंधरावं शतक चाललेलं असतं, तेव्हा नाटकाच्या वर्गात सोफोक्लीज संपवून घाईघाईनं शेक्सपियरकडे पळायचं असतं. संगीताच्या वर्गात बाखच्या आधीचं सगळं एका तासात उरकतात. मझाच्चोच्या गावातली माणसं काय गात होती, चौकात कोणती नाटकं बघत होती, हा प्रश्न तिन्ही खोल्यांबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहतो.

या वाटणीला एक साधं कारण आहे, आणि ते तुम्हाला कुणापेक्षाही चांगलं ठाऊक असणार. चित्र राहतं. गाणं संपलं की संपतं, फार तर स्वरलिपीचा कागद उरतो. नाटकाचा नेपथ्यपट तर लग्नसमारंभ आटोपला की गुंडाळून कोठीत जातो आणि उंदरांच्या हाती लागतो. जे राहिलं त्याचा इतिहास झाला. म्हणून जोत्तोवर कपाटभर पुस्तकं आहेत आणि त्याच्या चित्रांसमोर कोणती गाणी म्हटली जात, याचा शोध घेणारी जेमतेम फळीभर.

आणि खरी गंमत पुढे आहे. हे व्हरांड्यातलं सगळं तुमच्या पुस्तकात आहे! आम्ही ती पानं ओलांडून पुढे जातो.

तुमच्या दुसऱ्या आवृत्तीत बास्तियानो दा सांगाल्लोचं चरित्र आहे. गंभीरपणे सावकाश बोलायचा म्हणून लोक त्याला आरिस्तोतिले, म्हणजे ॲरिस्टॉटल म्हणत. कोणत्याही अभ्यासक्रमात हा माणूस नाही. त्याचं एकही चित्र मुलांना पाठ करावं लागत नाही, कारण त्याची उत्तम कामं नेपथ्याची होती आणि ती गेली. जुलै १५३९ मध्ये कोझिमो मेदिची आणि एलेओनोरा दी तोलेदो यांच्या लग्नानिमित्त मेदिचींच्या वाड्याच्या दुसऱ्या अंगणात अन्तोनियो लांदीचं ‘इल कोमोदो’ नावाचं प्रहसन झालं. त्याचं नेपथ्य आरिस्तोतिलेचं. पडद्यावर पिसा शहर होतं, कलत्या मनोऱ्यासकट. आणि त्या शहरावर त्यानं सूर्य उगववला.

तुम्ही त्याची कृती लिहून ठेवली आहे. रंगमंचावर लाकडी कमान, कमानीच्या मार्गानं सरकणारा कंदील, कंदिलात काचेचा गोळा, गोळ्यात ऊर्ध्वपातन केलेलं पाणी, पाण्यामागे दोन मशाली. मशालींचा उजेड पाण्यातून गेला की अख्खा गोळा पेटल्यासारखा दिसे. एका रहाटानं तो हळूहळू ओढला जाई. प्रहसन सुरू होताना सूर्य वर यायचा, मध्यावर माथ्यावर असायचा आणि शेवटच्या प्रवेशाला मावळायचा. हे वाचताना मला दरवेळी वाटतं, की तुमच्यातला चरित्रकार इथे बाजूला झाला आहे आणि रंगपटात नाक खुपसणारा कारागीर बोलतो आहे. मायकेलअँजेलोबद्दल लिहिताना तुम्ही हात जोडून असता. इथे तुमचे हात मोकळे आहेत.

आता त्याच संध्याकाळचं दुसरं अंग. अंकांच्या मधल्या वेळात जे गाण्याचे प्रवेश होत, त्यांना इंतेरमेदी म्हणत. या इंतेरमेदींचं संगीत फ्रांचेस्को कोर्तेच्चाचं होतं, आणि ते त्याच वर्षी व्हेनिसमध्ये छापलं गेलं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. सुरुवातीला उषा येऊन गाते आणि विश्रांतीला निरोप देते. शेवटी रात्र येऊन त्याच विश्रांतीला परत बोलावते. रात्रीच्या गाण्याला साथ चार ट्रॉम्बोनची. तो खालच्या पट्टीतला दाट आवाज आणि काचेच्या गोळ्यातला मावळता उजेड एकाच क्षणासाठी योजलेले होते. त्या अंगणात बसलेल्या माणसाला चित्रकला कुठे संपली आणि संगीत कुठे सुरू झालं हे सांगता आलं नसतं. ते विचारावं असंही कुणाला सुचलं नसतं.

हा तास मी वर्गात घेते तेव्हा आधी सूर्याचं तुमचं वर्णन वाचून दाखवते, मग कोर्तेच्चाची दोन्ही गाणी ध्वनिमुद्रणावर ऐकवते. तोवर ‘रेनेसाँ’ म्हणजे पारितोषिक समारंभातल्यासारखी ओळीनं उभी केलेली नावं असं समजणारी मुलं विचारायला लागतात. अंगण किती मोठं होतं? धूर कुठून जायचा? रहाट कोण फिरवायचं? आणि एखादी हुशार मुलगी नेमका प्रश्न विचारते, की एवढा खर्च कशासाठी.

त्या प्रश्नाला तुम्ही सरळ उत्तर देत नाही. साहजिक आहे, पुस्तक कोझिमोलाच अर्पण केलेलं आहे आणि पगारही त्याचाच होता. उत्तर आम्हाला शेजारच्या इतिहासातून आणावं लागतं. जानेवारी १५३७ मध्ये ड्यूक अलेस्सांद्रोचा खून झाला आणि मेदिची घराण्याच्या धाकट्या पातीतला, सतरा वर्षांचा कोझिमो गादीवर आला. त्याला हटवू पाहणाऱ्या परागंदा फ्लॉरेन्सकरांशी त्याच वर्षी लढाई झाली. एलेओनोरा ही नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी; या लग्नानं त्याच्या पाठीशी सम्राटाचं बळ उभं राहिलं. लग्नाच्या मेजवानीत तस्कनीतली गावं माणसांच्या वेशात येऊन नव्या राणीसाहेबांपुढे गायली. पिसा गायलं, व्होल्तेर्रा गायलं, तुमचं अरेत्सोही गायलं. अंकित शहरांनी सुरात अंकितपण कबूल केलं. त्यानंतर पडद्यावर पिसा दाखवून त्यावर हुकमी सूर्य उगववणं ही निव्वळ हौस नव्हे. चित्र, गाणं आणि नाटक एका छताखाली आणण्याचं काम बहुधा अशीच एखादी गरज करत असे. कधी दरबाराची, कधी देवाची, आणि पुढे व्हेनिसमध्ये तिकीटखिडकीची. एकट्या चित्रावर बोलत राहिलं की ही गरज नजरेआड होते.

देवाच्या गरजेचं उदाहरण तर तुमच्याच चुकीत दडलं आहे. रागावू नका.

सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं साडेचार मीटर उंचीचं मरियमचं चित्र तुम्ही चिमाबुएचं म्हणून लिहिलंत. ते पुरं झालं तेव्हा लोक इतके हरखले, की कर्णे वाजवत त्याला मिरवत चर्चमध्ये घेऊन गेले, अशी गोष्टही जोडलीत. तीनशे वर्षं सगळ्यांनी ती खरी मानली. इंग्लंडच्या फ्रेडरिक लेटननं १८५५ साली त्या मिरवणुकीचं भलंमोठं चित्र काढलं आणि व्हिक्टोरिया राणीनं ते विकत घेतलं. पण मूळ चित्राचा १२८५ सालचा करार उपलब्ध आहे, आणि त्यात चित्रकाराचं नाव आहे दुच्चो. तोही सिएनाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या जन्माच्या वैऱ्याच्या गावचा! तुमच्या फ्लॉरेन्सच्या बाल्यकथेतलं पहिलं मोठं पाऊल शेजाऱ्याच्या पोरानं टाकलेलं निघालं. आज ते चित्र तुम्हीच बांधायला घेतलेल्या उफित्सीच्या इमारतीत, दुच्चोच्या नावानं उभं आहे.

आमचे कलेतिहासाचे तास साधारण इथे थांबतात: वसारी चुकला, दुच्चो बरोबर. मला कराराचं दुसरं टोक जास्त मोलाचं वाटतं. चित्र कुणी मागवलं होतं? लाउदेसी नावाच्या मंडळीनं. हे संन्यासी नव्हते. संसारी, धंदेवाईक माणसं होती, आणि संध्याकाळी जमून मरियमच्या प्रतिमेपुढे लोकभाषेतली स्तोत्रं गाणं हा त्यांचा नेम होता. आपल्याकडच्या भजनी मंडळानं वर्गणी काढून विठोबाची तसबीर करवून घ्यावी, तसा तो प्रकार. म्हणजे ते चित्र गाण्यासाठी झालं. त्या सोनेरी पार्श्वभूमीपुढे मेणबत्त्या होत्या आणि समोर उभी असलेली माणसं गात होती. त्या काळातल्या स्तोत्रांची एक चोपडी कोर्तोना गावात स्वरांसह मिळाली आहे, ती तेराव्या शतकातली आहे आणि तिची ध्वनिमुद्रणंही आहेत. पडद्यावर दुच्चोची मरियम आणि खोलीत कोर्तोनाचं गाणं, असा तास घेतला की देवदूत एकावर एक असे का बसवले आहेत, आणि एवढी उंची कशासाठी, हे समजावताना माझे शब्द निम्म्यावर येतात.

तुमच्या बाकीच्या चुकांची मी यादी करणार नाही. आंद्रेआ देल कास्तान्योनं तैलरंगाचं गुपित मिळवून दोमेनिको व्हेनेत्सियानोचा खून केला, असं तुम्ही लिहिलंत. कागदपत्रांत पाहिलं तर कास्तान्यो १४५७ साली प्लेगनं गेला आणि दोमेनिको त्याच्यानंतर चार वर्षं जगला. एवढी एकच सांगते, कारण मुलांना ती फार आवडते आणि पुराव्याची चव तिथूनच लागते. चुका शिकवायलाच हव्यात. ऑपेरा तरी कशातून आला? कोंत बार्दींच्या घरी जमणाऱ्या फ्लॉरेन्सच्या विद्वानांचा समज होता, की ग्रीक शोकांतिका पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन सादर होत. त्या मंडळीत गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो होते. जुनं ग्रीक नाटक परत आणायला निघालेले लोक त्या वाटेवर बोलण्यासारखं गाणं शोधून बसले, आणि ग्रीसमध्ये कधी नव्हती अशी नवीच वस्तू तयार झाली.

हे तुमच्या मृत्यूनंतरचं. तुम्ही १५७४ साली गेलात. पण घर तुमचंच होतं. १५६० साली सुरू केलेल्या उफित्सीत बुओनतालेंतीनं मेदिचींसाठी नाट्यगृह केलं, आणि मे १५८९ मध्ये फेर्दिनांदो मेदिचीच्या लग्नात तिथे ‘ला पेल्लेग्रीना’ या प्रहसनाबरोबर सहा इंतेरमेदी झाले. नेपथ्य आणि वेशभूषा बुओनतालेंतीची. विषय संगीताची शक्ती: ग्रहगोलांचा नाद, अपोलोनं मारलेला अजगर, गाऊन जीव वाचवणारा आरिओन. आरिओनच्या भूमिकेत याकोपो पेरी स्वतःच रचलेलं पद गायला. याच पेरीनं पुढे १६०० साली मारिया मेदिचीच्या लग्नात ‘एउरीदीचे’ सादर केलं, आणि त्याचं संगीत हाती असलेला तो सगळ्यात जुना ऑपेरा. १६०७ साली मांतुआत मोंतेव्हेर्दीचा ‘ओर्फेओ’, आणि १६३७ साली व्हेनिसच्या सान कास्सियानोत तिकीट काढून ऑपेरा. प्रहसनाच्या फटींत भरायची म्हणून जी गाणी होती त्यांनी प्रहसनाला घराबाहेर काढलं. लोक मुख्य नाटक विसरले आणि इंतेरमेदीची वर्णनं छापत बसले.

या ओळीत तुम्ही स्वतःही आहात, आणि आत्मचरित्रात त्याचा उल्लेख करायला लाजलेला नाहीत. १५४२ साली व्हेनिसमध्ये पिएत्रो आरेतिनोच्या ‘ला तालांता’चं नेपथ्य तुम्ही केलंत. १५६५ साली फ्रांचेस्को मेदिचीच्या लग्नाला पालाझ्झो व्हेक्यिओच्या मोठ्या दालनात ‘ला कोफानारिया’साठी रंगमंच उभा केलात; संगीत स्त्रिज्जोचं आणि आपल्या त्याच कोर्तेच्चाचं. त्याच वर्षी राजवाडा ते राजवाडा जाणारा तो प्रसिद्ध उंचावरचा बंदिस्त मार्ग पाच महिन्यांत बांधलात. म्हणजे तुमच्या दिनक्रमात भिंतीवरचं चित्र, इमारत, पडदा आणि गवय्यांसाठीचे ढग ही एकाच माणसाची कामं होती. ब्रुनेलेस्कीच्या चरित्रात घुमटाबरोबर तुम्ही सान फेलिचे चर्चमधला त्याचा स्वर्गही सांगता. छताला उलटी परात असावी तसा घुमट, त्याला घट्ट बांधलेली देवदूतांच्या वेशातली मुलं, चहूकडे दिवे, आणि मधून खाली उतरणारी बदामी आकाराची प्रभावळ. आम्ही घुमट शिकवतो आणि स्वर्ग गाळतो. ब्रुनेलेस्कीला स्वतःला ही काटछाट चमत्कारिक वाटली असती. दोरखंड, चाकं आणि वजनं यांचं गणित दोन्हीकडे तेच होतं.

इथे मराठी मुलांचा एक फायदा आहे, तो तुम्हाला कळवावासा वाटतो. बाल्दास्सारे पेरुझ्झीचं चरित्र तुम्ही लिहिलंत, त्याच्या पडद्यांची तारीफ केलीत. त्याचा शिष्य सेबास्तियानो सेर्लिओ यानं १५४५ साली छापलेल्या पुस्तकात रंगमंचाची तीन दृश्यं दिली: शोकांतिकेला राजवाडे, प्रहसनाला रस्ता आणि घरं, वनदेवतांच्या खेळाला जंगल. यथादर्शनानं रंगवलेला पडदा तिथून युरोपभर गेला, पुढे इंग्रजांच्या रंगभूमीबरोबर मुंबईत उतरला, पारशी कंपन्यांनी तो उचलला आणि त्यांच्याकडून मराठी संगीत नाटकाकडे आला. आमच्या जुन्या नाटक कंपन्यांच्या गाडीत कोणते पडदे असत? राजवाड्याचा, रस्त्याचा आणि जंगलाचा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे असे पडदे रंगवत होते. त्यातले बाबूराव पुढे १९२० साली ‘सैरंध्री’ घेऊन मूकपटाच्या पडद्याकडे गेले. ज्यांच्या आजोबांनी रस्त्याच्या पडद्यापुढे उभ्या नटाचं पद रात्रभर ‘वन्स मोअर’ घेत ऐकलं, त्या मुलांना चित्र, गाणं आणि नाटक एकत्र असतं हे नव्यानं पटवावं लागत नाही. फक्त वर्गात शिरताना ते दाराबाहेर काढून ठेवायची सवय आम्हीच त्यांना लावतो.

आता माझी खरी तक्रार, जी मला पुस्तकापेक्षा भिंतीबद्दल आहे. मझाच्चोनं सांता मारिया नोव्हेल्लात १४२७ च्या सुमाराला त्रिमूर्तीचं भित्तिचित्र काढलं. त्यातली कमान अशी खोल जाते की भिंतीला भगदाड पडल्याचा भास होतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. पुढे कोझिमोच्या हुकमावरून त्या चर्चचं नूतनीकरण तुमच्याकडे आलं, आणि त्या चित्रापुढे तुम्ही दगडी वेदी उभारून तिच्यावर स्वतःचं जपमाळेच्या मरियमचं चित्र लावलंत. १८६० च्या सुमाराला वेदी हलली तेव्हा मझाच्चो पुन्हा उजेडात आला. चित्रात खाली रंगवलेला सांगाडा तर विसाव्या शतकात, १९५२ साली सापडला. तुमची बाजू घेणारे म्हणतात, की तुम्ही ते खरवडून काढलं नाहीत, मागे सुरक्षित ठेवलंत. मान्य. पण त्याच नूतनीकरणात चर्चच्या मधोमध असलेली जुनी आडभिंतही तुम्ही काढलीत, सांता क्रोचेतलीही. त्या भिंतीच्या अलीकडे बायाबापड्या उभ्या राहायच्या आणि पलीकडून भिक्षूंचं गाणं ऐकू यायचं, दिसायचं नाही. भिंत गेली आणि त्या दोन चर्चांमधलं पाहणं व ऐकणं दोन्ही बदललं. चित्राचा हिशेब इतिहासकारांनी तुमच्याकडून पै-पैचा मागून घेतला. त्या बदललेल्या ऐकण्याचा मात्र कुणी फारसा मागितला नाही, कारण ती खोली दुसऱ्यांची.

पुढच्या सत्रापासून मी जोत्तोच्या मेंढीनं सुरुवात करणार नाही, हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. सुरुवात व्हिचेन्झाच्या तेआत्रो ओलिम्पिकोपासून करेन, कारण ते अजून उभं आहे. पाल्लादिओचा आराखडा, त्याच्या मृत्यूनंतर स्कामोझ्झीनं बसवलेले लाकडी, तिरकस, खोल जाणारे थेब्झचे रस्ते, १५८५ च्या मार्चमध्ये उद्घाटनाला सोफोक्लीजचा ‘ईडिपस’, आणि कोरसचं संगीत आंद्रेआ गाब्रिएलीचं, जे छापलेलं मिळतं. त्या एका इमारतीत चार तास घालवून मग मागे, तुमच्या आरिस्तोतिलेच्या अंगणात. मग त्याहून मागे लाउदेसींच्या संध्याकाळीत. शेवटी मझाच्चो, आणि त्याच्यासमोरची वेदी. तुमची रांग उलटी होईल, अधेमधे तुटेल. राफाएलला बहुधा एकच तास मिळेल. तुम्हाला वाईट वाटेल, त्याला फरक पडणार नाही.

अडचण परीक्षेची आहे. आमच्याकडे ‘टिपा लिहा’ हा प्रश्न असतो, कुठल्याही चार, प्रत्येकी पाच गुण. मी एक प्रश्न तयार केला आहे: १५३९ च्या जुलैमध्ये एका अंगणात सूर्य कुणी उगववला, रात्र कुणाच्या सुरात गायली, आणि बिल कुणी भरलं? परीक्षक मंडळाच्या बैठकीत तो मांडला, तर हा चित्रकलेचा प्रश्न आहे की संगीताचा, असं आधी विचारतील. मंडळातल्या कुणी तुमचं आरिस्तोतिलेचं चरित्र वाचलेलं असेल, तर काम सोपं होईल. नसेल तर त्या पानांच्या छायाप्रती बरोबर नेणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्याच पुस्तकावर पोट भरणारी एक शिक्षिका